शिडाच्या बोटीतला शाफ्ट सील गळतोय : नट आवळू, दोरी बदलू की सीलच बदलू?

उधाण

मंडळी, इथे बोटवाले किती आहेत ठाऊक नाही. पण विषय गळतीचा आहे, त्यामुळे प्लंबिंग कळणाऱ्यांनीही हात घालायला हरकत नाही.

बोट १९८४ सालची, तीस फुटी, फायबरग्लासची. चेसापीक उपसागरात अ‍ॅनापोलिसजवळच्या एका खाडीत धक्क्याला बांधलेली असते. शिडाची असली तरी धक्क्यातून बाहेर पडायला आणि वारा पडला की परत यायला पोटात छोटं डिझेल इंजिन आहे. इंजिनाकडून निघालेला एक इंची स्टेनलेस शाफ्ट तळातून बाहेर जाऊन पंख्याला मिळतो. जिथून तो बाहेर जातो तिथे जुन्या पद्धतीचा स्टफिंग बॉक्स आहे : तळातल्या नळीवर जाड रबरी होज, होजच्या दुसऱ्या टोकाला ब्राँझचा बॉक्स, त्यावर मोठा नट आणि मागे तो सैल होऊ न देणारा चेक नट. नटाच्या आत शाफ्टभोवती पॅकिंगच्या दोरीची कडी.

बोट उभी असताना मिनिटाला दहा-बारा थेंब पडतात. इंजिन गिअरमध्ये टाकलं की शाफ्टभोवती बारीक फवारा उडतो. आधीच्या मालकाच्या वहीत दर हंगामाला 'स्टफिंग बॉक्स आवळला' अशी नोंद आहे, पॅकिंग बदलल्याची एकही नाही. आता नटाचे आटे जवळजवळ संपलेत. आणखी एक पैलू फिरवला तर थेंब कमी होतात, पण अर्धा तास इंजिन चाललं की नट हाताला चटका देतो.

मला दिसणारे पर्याय : पाण्यातच पॅकिंग बदलणं, बोट उचलून बदलणं, किंवा हे सगळं काढून ड्रिपलेस, म्हणजे थेंबही न गळणारा, सील बसवणं. यार्डवाल्याने बोटीत न उतरताच तिसरा सुचवला. तुम्ही काय कराल?

मुळाकाठचा

बोटीच्या तळाला भोक पाडायचं, त्यात फिरती सळई घालायची आणि वर गळतं म्हणून धागा काढायचा! :)

गंभीर प्रश्न : फिरत्या वस्तूभोवती पाणी शंभर टक्के अडवता येतं का? मला तर थोडं गळणं साहजिक वाटतं.

चौथा_इंजिनियर

मुळाकाठचा, थट्टेत बोललात पण मुद्द्याचं बोललात.

जुन्या पितळी नळाच्या चावीखाली एक छोटा नट असायचा, त्याखाली मेण लावलेला दोरा गुंडाळलेला असे. स्टफिंग बॉक्सचं तत्त्व तेच. फरक इतकाच की नळाची चावी दिवसातून चार वेळा फिरते आणि शाफ्ट मिनिटाला हजारच्या आसपास. त्या घर्षणाची उष्णता न्यायला आणि दोरी ओली ठेवायला थोडं पाणी आत यावंच लागतं. म्हणून शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब ही तब्येत उत्तम असल्याची खूण. उभ्या बोटीत मात्र एकही नको, फार तर अधूनमधून एखादा.

आता उधाण, तुमचा हिशोब. एक मिलिलिटरला साधारण वीस थेंब. मिनिटाला बारा म्हणजे दिवसाला साडेआठशे मिली, लिटरभराच्या आत. याने बोट बुडत नाही. पण नट चटका देतोय आणि आटे संपलेत, याचा अर्थ दोरी दाबून दाबून दगड झाली आहे. ती आता पाणी अडवत नाही, शाफ्ट घासते. तेव्हा आधी पाना खाली ठेवा. स्टेनलेस शाफ्टवर दोरीने खाच पाडली की नवी दोरी घालूनही गळतं, आणि मग आवळणं-गळणं हा उद्योग कायमचा.

विकतचं काही आणण्याआधी एवढं तपासा. बॉक्स कोरडा पुसा, टिश्यू पेपर घ्या आणि बोट उभी असताना एकेका जागी टेकवा : शाफ्ट आणि नट यांच्या फटीत, नटाच्या आट्यांवर, होजच्या दोन्ही टोकांना, होजच्या पोटाखाली. सगळं पाणी शेवटी सर्वांत खालच्या बिंदूवरून टपकतं, म्हणून टपकण्याच्या जागेवरून गळतीची जागा ठरवू नका. नुसत्या डोळ्यांनी होजची गळती आणि नटाची गळती सारखीच दिसते.

दुसरं, होज किती जुना आहे? १९८४ चाच असेल तर पॅकिंगची चर्चा दुय्यम आहे. दीड इंची होजमध्ये एक इंची शाफ्ट, मधली मोकळी जागा पाण्याखाली अर्धा मीटर धरली तर गणिताने मिनिटाला साठ-सत्तर लिटर पाणी आत येतं. शाफ्टला पंख्याजवळ आधार देणारं बाहेरचं बेअरिंग वाट अडवतं, त्यामुळे प्रत्यक्षात कमी. तरी तळात (बिल्जमध्ये) साचलेलं पाणी उपसणारा, ताशी पाचशे गॅलनचा बिल्ज पंप कागदावरसुद्धा मिनिटाला तीसेक लिटरच फेकतो, आणि तोही बॅटरीत जीव आहे तोवर. थेंबांनी बोटी बुडत नाहीत, फाटलेल्या होजने बुडतात.

तिसरं, बोट बाहेर काढाल तेव्हा पंखा धरून वर-खाली हलवून बघा. बाहेरचं रबरी बेअरिंग झिजलं असेल तर शाफ्ट आत थरथरतो आणि दोरीचं भोक मोठं करत राहतो.

नाखवा_रत्नागिरी

इंजिनियर साहेब बरोबर बोलले. आमच्या मिरकरवाडा बंदरात प्रत्येक ट्रॉलरला हाच प्रकार (आम्ही याला ग्लँड म्हणतो), फक्त शाफ्ट तुमच्या दुप्पट-तिप्पट जाड. हार्डवेअरच्या दुकानात 'ग्लँड दोरी' म्हटलं की चौकोनी दोरी वजनावर मिळते. ग्रॅफाइटची काळी पण येते. जून-जुलैची मासेमारी बंदी लागली, बोटी वर ओढल्या, की शाफ्ट, पंखा, ग्लँड सगळं उघडून बघायचं. हंगामात ग्लँड जास्त सोडू लागला तर भरतीला बोट किनाऱ्याशी लावायची. ओहोटीला बोट गाळात बसली, पंखा उघडा पडला, की ग्लँड खोला आणि दोरी बदला. पुढची भरती यायच्या आत काम उरकायचं. क्रेन नको, डायव्हर नको.

तुमच्याकडे असं का करत नाही?

उधाण

नाखवा, कारण इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम एक फूट! रत्नागिरीत उधाणाला दोन मीटरच्या वर पाणी चढतं-उतरतं, तशी चैन नाही. वाऱ्याने पाणी उपसागराबाहेर लोटलं तर भरती-ओहोटीपेक्षा जास्त फरक पडतो, पण त्याच्या भरवशावर ग्लँड कोण उघडणार. त्यात तळाला माशाच्या परासारखं खाली गेलेलं पातं, म्हणजे कील आहे, गाळात बसली तर बोट आडवी होईल.

शीड_आणि_सुकाणू

वाचतेय. मी साउथॅम्प्टनजवळ असते. इथे पाणी चार मीटरपर्यंत उतरतं, त्यामुळे क्लबच्या खांबांना बोट बांधून टेकवायची आणि ओहोटीत तळ घासायचा ही जुनी रीत. नाखवांची पद्धत ती हीच, फक्त आम्ही गाळाऐवजी काँक्रीटवर उभं करतो.

माझ्या बोटीला व्होल्वो पेंटाचा रबरी सील आहे. छोटीशी वस्तू, आत दोन ओठ, थेंब शून्य. देखभाल म्हणाल तर वर्षातून एकदा किंवा २०० तासांनी थोडं ग्रीस ओठांमध्ये सोडायचं. आणि बोट पाण्यात उतरवली की सील दोन बोटांत दाबून आतली हवा काढायची, पाण्याचा शिंतोडा दिसेपर्यंत. ही हवा राहिली तर ओठ कोरडे फिरतात आणि पहिल्याच दिवशी जळतात. पाच वर्षं किंवा ५०० तास झाले की बदलायचा. चांगला दिसतोय म्हणून सहावं वर्ष काढायचं नाही, कारण हा सील थेंब-थेंब वाढवून सूचना देत नाही. बसवताना शाफ्टच्या टोकावर प्लास्टिकची बाही चढवावी लागते, नाहीतर चावीच्या खाचेची धार ओठ कापते.

पण उधाण, याला शाफ्ट गुळगुळीतच हवा. तुमच्या शाफ्टला दोरीने चर पाडला असेल तर हा सील नेमका त्या चरावर बसून गळेल.

पॅसिफिकवारी

माझी बोट सॅन फ्रान्सिस्को उपसागरात. पीएसएस वापरतो, म्हणजे यार्डवाले ज्याला ड्रिपलेस म्हणतात तो. होजच्या जागी रबरी भाता, त्याच्या तोंडाला कार्बनची चकती, आणि शाफ्टवर स्टेनलेसचं कडं घट्ट बसवलेलं. भाता पाऊण ते एक इंच दाबून ठेवायचा, म्हणजे कार्बन आणि स्टेनलेस कायम एकमेकांना चिकटून फिरतात. शाफ्टला दोरी लागतच नाही, त्यामुळे जुन्या चराची फिकीर नाही. बिल्ज इतका कोरडा की तिथे सुटे पाने ठेवतो.

विकणारे सांगत नाहीत ते सांगतो. ते स्टेनलेसचं कडं शाफ्टवर बारक्या स्क्रूंनी धरलेलं असतं, एका भोकात दोन, खालच्याला वरचा लॉक करतो. ते जुने स्क्रू पुन्हा वापरायचे नाहीत. कडं पुढे सरकलं की चकती आणि कडं यांच्यात फट पडते आणि पाणी धो धो येतं. म्हणून मी कड्याच्या पुढे शाफ्टवर आणखी एक कॉलर आवळून ठेवली आहे. भाता सहा वर्षांनी बदला असं बनवणाऱ्यांचंच म्हणणं आहे, आणि त्यासाठी बोट उचला, शाफ्ट कपलिंगमधून (त्याला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या तबकड्यांतून) सोडवा, सगळं आलं. हवा काढणं यालाही आहेच. थोडक्यात, गळती गेली, काळजीची जागा बदलली.

चौथा_इंजिनियर

वरच्या दोन्ही प्रतिसादांना +१. मोठ्या जहाजांवर तेलात चालणारे ओठांचे सील असतात, शाफ्टवर वेगळी बाही असते, चर पडला तर बाहीला पडतो. छोट्या बोटीत ती मुभा नाही.

माझं मत विचाराल तर : वापर कमी, मालक स्वतः काम करणारा, बोट धक्क्यावर डोळ्यांसमोर, अशा वेळी साधा स्टफिंग बॉक्स सर्वांत सुरक्षित. तो बिघडतो तो महिनोन्‌महिने सांगत सांगत. 'ड्रिपलेस म्हणजे आधुनिक, दोरी म्हणजे जुनाट' हा कॅटलॉगचा विचार झाला.

मुळाकाठचा

पाण्यात असतानाच नट उघडला तर नक्की काय होतं? कुतूहल म्हणून.

पॅसिफिकवारी

पाणी येतं, पण चित्रपटात दाखवतात तसं नाही. बेअरिंग घट्ट असेल तर मनगटाएवढी धार नसते, बोटाएवढी असते. इथले जुनेजाणते आधी बाहेरून बुडी मारून शाफ्ट आणि बेअरिंगच्या फटीत कमोडखाली बसवतात ते मेणाचं कडं दाबून भरतात. आत धार जवळपास बंद होते. नंतर इंजिन सुरू केलं की मेण आपोआप निघून जातं. शिवाय सगळ्यात आतलं जुनं कडं राहू द्यायचं, तेवढाच बांध. पण होज जुना असेल तर हे करू नका. घट्ट बसलेला नट सोडवताना बॉक्सला पीळ बसतो, तो पीळ होजला जातो, आणि मग खरोखर चित्रपट.

उधाण

सर्वांचे आभार. टिश्यू पेपरचा प्रयोग केला आणि चित्र पालटलं.

नटाच्या फटीत कागद ओला झाला, ते अपेक्षितच होतं. पण होजच्या मागच्या टोकाला, क्लिपच्या खालच्या बाजूला कागद टेकवला तर तोही भिजला. तिथे हात पोचत नाही, म्हणून फोन उलटा धरून फोटो काढला. क्लिपच्या पट्ट्याखाली रबराला आडवी चीर आहे, तिच्या कडेला पांढरा क्षार साचलेला. क्लिपचा पट्टा स्टेनलेस, स्क्रू मात्र साध्या लोखंडाचा, गंजून त्याचा पापुद्रा झालाय. म्हणजे बारा थेंबांतले काही नटाचे, काही होजचे. नट कितीही आवळला असता तरी हे थांबलं नसतं.

पाण्यात काम करण्याचा विचार सोडला. यार्डात उचलायची तारीख घेतली आहे. होज बदलायचा म्हणजे शाफ्ट कपलिंगमधून बाहेर काढावा लागणार. त्याबद्दल कोणाकडे युक्त्या असतील तर सांगा.

नाखवा_रत्नागिरी

घण मारू नका. गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर सगळा मार जातो. कपलिंगचे बोल्ट काढा, शाफ्ट थोडा मागे घ्या, दोन तबकड्यांच्या मध्ये शाफ्टपेक्षा बारीक सॉकेट ठेवा आणि जरा लांब बोल्ट घालून चारी बाजूंनी थोडं थोडं सारखं आवळा. सॉकेट शाफ्टला मागे ढकलतं. एकच बोल्ट जास्त आवळलात तर तबकडी वाकते, तेवढं सांभाळा.

आणि मागे सुकाणू आडवं येतं का ते आधी बघा.

शीड_आणि_सुकाणू

होज घेताना 'स्टफिंग बॉक्स होज' म्हणूनच मागा. बऱ्याच थरांचा, जाड भिंतीचा, आत तार नसलेला. एक्झॉस्टचा तारेचा होज तिथे चालत नाही : एकदा तार उघडी पडली की गंजते आणि शाफ्टला घासते. प्रत्येक टोकाला दोन क्लिपा, स्क्रूसकट ३१६ स्टेनलेसच्या. लोहचुंबक खिशात घेऊनच दुकानात जा, स्क्रूला चिकटला तर ती क्लिप परत.

उधाण

ताजी खबर. बोट बाहेर आली.

पंखा धरून हलवला तर बेअरिंगमध्ये खेळ आहे, पण फार नाही. बोट उचललेलीच आहे तर तेही बदलतोय. कपलिंगचे अडकवून ठेवणारे स्क्रू तारेने बांधलेले होते. तार कापली, आठवडाभर भेदक तेल मुरू दिलं (होजला चिंधी गुंडाळून, तेलाने रबर फुगतं) आणि नाखवांची सॉकेटची युक्ती केली. बोल्ट पाव-पाव फेरा आळीपाळीने. बराच वेळ काहीच नाही, मग एकदम खट्ट आवाज आणि शाफ्ट नखभर मागे. यार्डातला मेकॅनिक बघत होता, त्याने ती युक्ती वहीत लिहून घेतली. सुकाणू पूर्ण काढावं लागलं नाही, टोकाला वळवून धरलं आणि शाफ्ट तिरका बाहेर आला.

आता मुख्य गोष्ट. नटातून दोरी काढायला कॉर्कस्क्रूसारखं टोक असलेला आकडा वापरला. बाहेरची दोन कडी निघाली ती काळी आणि लाकडासारखी कडक. खाली तिसरं, त्याचा नुसता भुसा. आणि शाफ्टवर जिथे ती बसायची तिथे दोन चर, नखाला चांगले लागतात. एका चराच्या कडेला सुईने टोचल्यासारखी भोकं. शाफ्ट स्टेनलेसचा असून असं का?

चौथा_इंजिनियर

स्टेनलेस गंजत नाही याचं कारण त्यावरचा ऑक्साइडचा अतिपातळ थर, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. दोरीखाली पाणी साचून राहिलं, बोट महिनोन्‌महिने जागेवर, म्हणजे त्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो. थर मोडतो आणि क्लोराइड टाचणीएवढी भोकं पाडायला लागतं. ग्लँड अगदी कोरडा होईस्तोवर आवळण्यातला हा दुसरा तोटा. भोकं पडलेला शाफ्ट पॉलिश करून वापरू नका, बदला. चर फक्त घासल्याचे असते तर बॉक्सची जागा पुढे-मागे करून भागलं असतं.

ग्रॅफाइटच्या दोरीबद्दल : ती कमी तापते, कमी गळते, ट्रॉलरवर चालते. पण खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट आणि स्टेनलेस यांची जोडी लावली की झीज स्टेनलेसच्या वाट्याला येते. वर्षातले बरेच महिने उभ्या राहणाऱ्या बोटीला मी मेणात किंवा टेफ्लॉनमध्ये भिजवलेली साधी फ्लॅक्सची (जवसाच्या धाग्याची) दोरी घालेन.

माप : नटाच्या आतला व्यास वजा शाफ्टचा व्यास, भागिले दोन. अंदाजाने दोरी आणू नका.

उधाण

मापलं. नट आतून ३८ मिमी, शाफ्ट २५.४. म्हणजे ६.३, पाव इंची दोरी. निघालेली बारीक होती, तीन-सोळांशची. वर्षानुवर्षं आवळाआवळ का चालली होती ते कळलं. बारीक दोरी नट पुरता दाबल्याशिवाय फुगून शाफ्टला भिडतच नव्हती.

नवा शाफ्ट करायला टाकला. दोरी शाफ्टला गुंडाळून तिरका काप दिला, प्रत्येक कडं वेगळं, सलग वेटोळं नाही. तीन कडी, सांधे एकमेकांपासून एक-तृतीयांश फेरा सरकवून. नट फक्त हाताने आवळला. इथलं पाणी निमखारं असल्याने शाफ्टवर जस्ताऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड (शाफ्टऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) चढवला.

पॅसिफिकवारी

अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं, यार्डात करून घेऊ नका! स्टँडवर उभ्या बोटीचा आकार आणि पाण्यातल्या बोटीचा आकार वेगळा. उतरवा, एक-दोन दिवस बसू द्या, डोलकाठीच्या तारा नेहमीच्या ताणावर घ्या, मगच कपलिंगच्या तबकड्यांत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. तबकडीच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंच, म्हणजे चार इंचीला चार हजारांश, मिमीत ०.१. त्यापेक्षा जास्त फरक असला तर शाफ्ट ग्लँडमध्ये डोलतो आणि नवी दोरीही लवकर जाते.

उधाण

बोट पाण्यात. अलाइनमेंट तुम्ही सांगितलं तसंच केलं. खालच्या बाजूला आठ हजारांशची फट होती, इंजिनाचे पुढचे माउंट थोडे खाली घेतल्यावर तीनवर आली.

धक्क्यालाच जाड दोर बांधून गिअरमध्ये चालवलं. आधी भरपूर गळलं, मग एकेक पैलू आवळत, प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबत गेलो. आता चालू असताना मिनिटाला तीन थेंब, उभी असताना शून्य. तासभर चालवून नट धरला तर पाण्यापेक्षा किंचित कोमट. चेक नट दोन पाने लावून बसवला. होजखाली आणि दोन्ही टोकांना कागद कोरडा.

मुळाकाठचा

अभिनंदन! म्हणजे अजून गळतंच आहे तर. :)

नाखवा_रत्नागिरी

गळू दे. पण नवी दोरी बसते. आठ-दहा तास इंजिन चाललं की थेंब वाढतील, तेव्हा घाबरू नका, एक पैलू द्या. आणि पाने बोटीतच ठेवा, घरी नको.

उधाण

दोन्ही पाने ग्लँडशेजारीच अडकवलेत, नाखवा. शनिवारी इंजिनवर चेसापीकच्या पुलापर्यंत जाऊन येतो, मग आकडा कळवतो.